शेवटच्या रांगेतला फोन

२२ वर्षं मी शाळेतल्या मुलांची नाटकं बसवतेय आणि ही गोष्ट मला आत्ता, या दिवाळीनंतर कळली! कळल्यापासून मला चैन नाही. शिक्षकखोलीत सांगून झालं, घरी सांगून झालं, बहिणीला फोन करून पाऊण तास सांगितलं, तरी मन भरेना म्हणून आता लिहायला बसलेय. तुमच्यापैकी कुणी मुलांबरोबर नाटक करत असेल तर उद्याच्या उद्या एक फोन घ्या, सभागृहाच्या शेवटच्या रांगेत ठेवा, तालमीचं चित्रीकरण करा आणि ते मुलांना दाखवा. बाकीचं सगळं पुढे सांगतेच, पण एवढं आधी ऐकून ठेवा.

आम्ही सांगलीचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केलं ते याच गावात, त्यामुळे नाटक म्हटलं की इथल्या माणसाला उमाळा येतोच. माझी शाळा मराठी माध्यमाची. दरवर्षी आठवी-नववीची दहा-बारा मुलं घेऊन मी एक नाटक बसवते. यंदाचं नाटक मुलांनीच उभं केलंय, २०१९च्या ऑगस्टमधल्या महापुरावर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. ही मुलं तेव्हा दुसरी-तिसरीत होती. प्रत्येकाच्या घरात त्या आठवड्याची एक तरी गोष्ट आहे, त्या गोष्टी गोळा करून २५ मिनिटांचं नाटक झालं. एक आजी. गाईला गोठ्यात सोडून ती होडीत बसायला तयार नाही. पाणी चढतंय, आजी माळ्याच्या शिडीवर एकेक पायरी वर सरकतेय, खाली मुलगा, सून, नात विनवण्या करतायत. आणि दारात होडीचा दोर धरून उभा असलेला एक पोरगा, ज्याला उभ्या नाटकात चार वाक्यं. मुलांची खरी नावं मी इथे घेत नाही. आजी, सून, नात, दोरवाला अशीच ओळख असू द्या.

आजी झालेली मुलगी फार गुणी. पहिल्या आठवड्यात पाठांतर चोख. पण वाक्यांचे शेवट गिळायची. ‘मी न्हाई येणार’ या वाक्यात सगळा जीव ‘येणार’मध्ये आहे, आणि नेमकं तेच तिच्या घशात राहायचं. ऑगस्टपासून मी सांगत होते. शेवट सोडू नकोस. शेवटचा शब्द मागच्या भिंतीला लागला पाहिजे. म्हणून दाखवलं, म्हणवून घेतलं, तिला मैदानाच्या एका टोकाला उभं करून दुसऱ्या टोकाला मी उभी राहिले. ती मान डोलवायची, एकदा सुरेख म्हणायची आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा शेवट गडप. सवय हाडीमाशी खिळलीय, आता जाणार नाही, असं मी मनातल्या मनात मान्यही करून टाकलं होतं.

मग सुट्टीनंतर सून तापानं आजारी पडली. तिच्या आईचा निरोप आला, की पोरगी रडतेय, हालचाली बदलल्या तर तिला कशा कळायच्या. म्हणून, केवळ म्हणूनच, मी माझा फोन सभागृहाच्या मागच्या खिडकीत खडूच्या खोक्याला टेकवून आडवा ठेवला आणि चित्रीकरण सुरू केलं. पुढे तालमीच्या नादात विसरूनही गेले.

तीन दिवसांनी सून आली. संगणककक्षातल्या प्रोजेक्टरवर तिला दाखवायला लावलं, तर सगळीच मुलं येऊन बसली. गलका, हसणं, ढकलाढकली. आणि मग पडद्यावर आजी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बसली, सुनेच्या जागी उभ्या असलेल्या नातीकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मी न्हाई...’

पुढे काहीच नाही. ओठ हलले, आवाज नाही.

आजी झालेली मुलगी खुर्चीतून उठली. तोंडावर हात. ‘बाई, मी शेवट म्हणतच न्हाई की ओ!’

अहो, तीन महिने मी तेच सांगत होते! अगदी याच शब्दांत! मी तिला तसं म्हटलंही, तर ती म्हणाली, ‘तुम्ही सांगायचा तवा मला वाटायचं मी म्हणतीय. मला माझ्या डोक्यात ऐकू येत हुतं.’

हे वाक्य मी त्या रात्री वहीत उतरवून ठेवलं. डोक्यात ऐकू येत होतं! म्हणजे ती आळशी नव्हती, दुर्लक्ष करत नव्हती. तिच्यापुरतं ते वाक्य पूर्ण होत होतं. मी जे सांगत होते ते तिच्या अनुभवाला धरून नव्हतंच, मग ती दुरुस्त काय करणार? त्याच दिवशी चारच्या तासाला ती शिडीवर बसली आणि ‘येणार’ हा शब्द असा आला की मागच्या खिडकीपाशी उभ्या माझ्या अंगावर काटा आला. तीन महिन्यांत जे झालं नाही ते एका दुपारी झालं. मी तिला काहीही शिकवलं नव्हतं.

चित्रकार चार पावलं मागे सरतो आणि आपलं चित्र बघतो. विणणारी बाई स्वेटर हातभर लांब धरते. नटाला हे करताच येत नाही, कारण तो मागे सरला की नाटक थांबतं. इतकी वर्षं मी मुलांना ‘प्रेक्षकांना कसं दिसेल याचा विचार करा’ असं सांगत आले आणि प्रेक्षकांच्या जागी त्यांना एकदाही बसवलं नाही. बसवणार तरी कसं? पण खिशात फोन होता की! कितीतरी वर्षं होता!

आता त्या पहिल्या दिवसाचा गोंधळही सांगते, कारण तुमच्याकडे तो होणारच. पहिल्यांदा बघताना मुलं नाटक बघतच नाहीत. केस बघतात, दात बघतात, ‘मी एवढी बुटकी दिसते?’ म्हणतात. एक मुलगा दोन्ही कान झाकून बसला, ‘हा माझा आवाजच नाही, फोन बिघडलाय’ असा त्याचा हट्ट. विज्ञानाच्या सरांना बोलावलं. त्यांनी फार छान समजावलं. आपण बोलतो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी पोचतो, एक हवेतून कानावाटे आणि दुसरी कवटीच्या हाडांमधून थेट आतल्या कानात. हाडांच्या वाटेनं खालचे, घुमारदार सूर जास्त येतात. म्हणून स्वतःचा आवाज स्वतःला भरदार वाटतो, आणि चित्रीकरणात फक्त हवेची वाट उरते तेव्हा तो पातळ, परका वाटतो. ‘म्हणजे बाकीच्यांना रोज हाच ऐकू येतो?’ त्या मुलानं विचारलं. सर हो म्हणाले. तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, ‘मग परत लावा.’

तेव्हा आमचा पहिला नियम ठरला: पहिली खेप हसण्याची. मनसोक्त हसा, केस बघा, एकमेकांना चिडवा, कुणी काही शिकायचं नाही. ते एकदा उरकलं की दुसऱ्या खेपेला मुलं आपोआप शांत होतात.

आणि दुसऱ्या खेपेची युक्ती मला कुणी शिकवली नाही, प्रोजेक्टरच्या स्पीकरची वायर सैल होती, तिनं शिकवली! आवाज बंद पडला, चित्र चालू राहिलं, आणि मी वायर नीट करायला उठले तर नात म्हणाली, ‘बाई, राहू द्या, बघा ना, मी सारखी मागे-पुढे झुलतेय.’ खरंच झुलत होती. बोलतानाही, ऐकतानाही, घड्याळाच्या लंबकासारखी. आवाज असताना ते आमच्यापैकी कुणालाही दिसलं नव्हतं. शब्द गेले आणि अंगं दिसायला लागली. आजीचा मुलगा वाक्य संपलं की हात खाली सोडून देतो, जणू त्याची ड्यूटी संपली. सून विनवताना हात जोडते पण पाय विंगेकडे वळलेले, ती मनातून निघून गेलेलीच आहे.

मग मी उलटं केलं. खोलीतले दिवे घालवले, पडदा झाकला, फक्त आवाज लावला. आता शब्द उघडे पडले. सगळे एकाच पट्टीत बोलतायत, आजी चिडली तरी तीच पट्टी, सून रडली तरी तीच, हे मुलांनी स्वतः पकडलं.

भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. पदवीला असताना परीक्षेसाठी मी ते तोंडपाठ केले होते, सविस्तर उत्तरं लिहिली होती. त्या दिवशी ते माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून सुटे झाले! आवाज बंद केला, उरला तो आंगिक. चित्र झाकलं, उरला तो वाचिक. आजीनं तालमीला पंजाबी ड्रेसवरच पदर घेतल्याचा अभिनय केला होता आणि पडद्यावर तो हात हवेत नुसता चाचपडताना दिसला, तेव्हा ‘उद्यापासून मी लुगडं नेसूनच तालमीला येणार’ हे तिनंच जाहीर केलं. तो आहार्य. वेशभूषा ही शेवटच्या दिवशी चढवायची गोष्ट नाही, हे मी किती वर्षं कानीकपाळी ओरडत होते!

राहिला सात्त्विक. मनातून उगवणारा, रोमांच, अश्रू, कंप, आतलं खरंखुरं काहीतरी बाहेर दिसणं. तो कसा दाखवणार, असं वाटत होतं. आणि तो दाखवला दोरवाल्यानं.

या मुलाबद्दल मला सावकाश सांगायचंय. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, स्वतःहून कधी हात वर न करणारा. नाटकात घेतला तो उंची बरी आहे आणि दोर धरायला कुणीतरी हवं म्हणून. चार वाक्यं. चारही नीट म्हणायचा, त्यामुळे तीन महिन्यांत मी त्याच्याकडे चार वाक्यांपुरतंच बघितलं होतं. आवाज बंद असलेल्या त्या चित्रात सगळे आजी-सुनेचं भांडण बघत होते, आणि अचानक आजीचा मुलगा पडद्याजवळ जाऊन बोट लावून म्हणाला, ‘ह्याला बघा, ह्याला!’

आम्ही बघितलं. डाव्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीपाशी, दोर हातात. आजी एक पायरी वर चढली की त्याची बोटं दोराभोवती घट्ट होत होती. सून रडायला लागली तेव्हा त्यानं मान फिरवली, दुसऱ्याच्या घरातलं रडं बघू नये अशी. गाईचं नाव निघालं तेव्हा त्यानं पहिल्यांदा मागे, पाण्याकडे बघितलं, आणि पुन्हा आजीकडे. एक शब्द नाही. कुणी सांगितलेलं नाही. संहितेत त्याच्यासाठी त्या जागी काही लिहिलेलंच नव्हतं. बाकीची सगळी मुलं आपलं वाक्य संपलं की विझत होती आणि पुढचं वाक्य आलं की पेटत होती, आणि हा एकटा २५ मिनिटं जळत होता!

मी तीच तीन मिनिटं पुन्हा लावायला सांगितली. मग पुन्हा. चौथ्यांदा मुलांनीच मागितली. दोरवाला मान खाली घालून बसलेला, कान लाल झालेले. आजीनं त्याला विचारलं, ‘तू काय करत हुतास तवा?’ तो म्हणाला, ‘काय न्हाई. ऐकत हुतो.’

ऐकत होतो! पाठीमागे सरकून, डोळे मोठे करून ‘ऐकण्याचा अभिनय’ कसा करावा हे मी दरवर्षी शिकवते, आणि हा नुसता ऐकत होता. दुसऱ्या दिवशीच्या तालमीत, माझ्या तोंडून एक अक्षर न निघता, सगळी मुलं एकमेकांचं ऐकायला लागली होती. नाटक अडीच मिनिटांनी लांबलं, कारण आता वाक्य संपल्यावर ते समोरच्यापर्यंत पोचायला वेळ लागत होता. ती अडीच मिनिटं म्हणजे माझ्या २२ वर्षांतली सगळ्यात सुंदर अडीच मिनिटं.

नंतर पुढच्या एका चित्रीकरणात मला मीच ऐकू आले. ‘थांबा. थांबा. परत. अगं, तिकडे नको. थांबा.’ मी मोजलं. ११ मिनिटांच्या तुकड्यात ३१ वेळा. वीस सेकंदांचा सलग अभिनय मुलांना मिळाला असेल-नसेल. त्या तुकड्यात आजी दोनदा अशी रंगात आली होती की मी थांबवलं नसतं तर काहीतरी घडलं असतं, हे आता दिसत होतं आणि मला गलबलून आलं. तेव्हापासून मी फोन सुरू असताना बोलत नाही. खुर्चीचे दांडे धरून बसते. जे सांगायचं ते चित्र सांगतं, नाहीतर मुलं सांगतात.

यातून एक जुनी गोष्ट आठवली. बी.एड.ला आम्हाला सूक्ष्म अध्यापन होतं. शिक्षक झालेल्या प्रत्येकाला ते आठवेल: ६ मिनिटं पाठ, ६ मिनिटं प्रत्याभरण, १२ मिनिटं पुनर्नियोजन, पुन्हा ६ मिनिटं पाठ, पुन्हा ६ मिनिटं प्रत्याभरण, एकूण ३६ मिनिटं. मागे बसलेली मैत्रीण तक्त्यात खुणा करायची आणि आम्ही पाठ सुधारायचो. ही पद्धत १९६३च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट ॲलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली, आणि तिथे शिकाऊ शिक्षकाला त्याचा पाठ व्हिडिओ टेपवर दाखवत असत! आमच्यापर्यंत तक्ता पोचला, टेप पोचली नाही. आता ती टेप खिशात आहे. मी तेच चक्र नाटकाला लावलं. एक प्रवेश पूर्ण नाही, त्यातला तीन मिनिटांचाच तुकडा. करा, लगेच बघा, बोला, ठरवा, आणि त्याच तासात पुन्हा करा. आमची तासिका ३५ मिनिटांची, जवळजवळ बेतून शिवल्यासारखी बसते. ‘त्याच तासात पुन्हा’ हे महत्त्वाचं बरं का. आज बघितलं आणि परवा केलं, तर मधल्या दोन दिवसांत बघितलेलं निम्मं वाहून जातं.

बोलण्याचाही एक क्रम सापडला. स्वतःबद्दल स्वतः आधी बोलायचं, मग इतरांनी. आणि ‘छान’, ‘वाईट’ हे शब्द बंद. जे दिसलं ते सांगायचं. ‘तू वाईट बोललीस’ असं म्हणायचं नाही. ‘गाईचं वाक्य आलं तेव्हा तू जमिनीकडे बघत होतीस’ असं म्हणायचं. मुलं यात इतकी पटाईत झालीत की परवा मराठीच्या तासाला एकानं कवितेबद्दल तसंच बोलायला सुरुवात केली.

फोनबद्दल थोडं, कारण माझे पहिले दोन-तीन दिवस त्यात गेले. फोन आडवा धरा, रंगमंच आडवा आहे. मागचाच कॅमेरा वापरा. काही फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यात आपण आरशासारखे उलटे दिसतो आणि डावी-उजवी विंग कोणती यावरून मुलं भांडत बसतात. फोनच्या पाठीमागून उजेड हवा. आमच्या सभागृहात रंगमंचाच्या मागेच खिडकी होती, पहिल्या दिवशी सगळे सावल्यांसारखे काळे दिसले, मग तिला चादर लावली. १०८० पिक्सेलवर एका मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे एमबी जागा जाते, म्हणून तीन मिनिटांचे तुकडे इथेही बरे. आणि झूम करायचा नाही, जवळ न्यायचा नाही! माझ्या सहकारी बाईंनी प्रेमानं पहिल्या रांगेतून चित्रीकरण केलं तर दोन दिवसांत मुलं सिनेमात असल्यासारखी बारीक बोलायला लागली, भुवया उडवायला लागली. जवळ धरलेला फोन बारीक आवाजही वर ओढून घेतो आणि मुलाला वाटतं, पोचतंय की. शेवटच्या रांगेतला फोन खोटं बोलत नाही. तिथे पोचलं तर पोचलं.

एक दिवस मात्र मी घाबरले, आणि ते लपवायचं नाही. आजी एका तालमीत पदरानं डोळे पुसताना मध्येच थांबली होती, पदर तसाच हातात आणि नजर गोठ्याकडे. चित्रीकरणात ते बघून सगळे स्तब्ध झाले, मी तर उठून टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी आजी त्याच वाक्याला तशीच थांबली. तिसऱ्या दिवशीही. तेवढाच वेळ, तीच मान. पण आता नजर गोठ्याकडे नव्हती, ती कालच्या स्वतःकडे होती. स्तानिस्लाव्हस्कीच्या ‘ॲन ॲक्टर प्रिपेअर्स’मध्ये, ज्याचा मराठी अनुवाद के. नारायण काळ्यांनी ‘अभिनयसाधना’ या नावानं केला, एक नवखा विद्यार्थी आपल्या भूमिकेची तयारी आरशासमोर करतो, आणि त्याचे गुरू तोर्त्सोव्ह त्याला आरशापासून जपून राहायला सांगतात, कारण आरसा बाहेरचं बघायला लावतो, आतलं नव्हे. वाचलेलं होतं, पण आज समोर घडत होतं. मी आठ दिवस फोन बंद ठेवला. आजीला मी एवढंच विचारलं, की गाईचं नाव काय? तिनं आधी ठरवलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी नाव घेऊन आली, शिंगं कशी, कपाळावर चांदा कुठे, कितवं वेत, सगळं. आणि तो थांबा परत आला, वेगळ्याच वाक्यावर, वेगळ्याच जागी. तेव्हापासून चित्रीकरण मंगळवारी आणि शुक्रवारीच. आणि जे छान झालं ते एकदाच दाखवते, जे अडतं ते हवं तितक्या वेळा.

पालकांचंही सांगायला हवं. पहिलं चित्रीकरण सूनबाईला दाखवण्याआधीच मी मुख्याध्यापकांशी बोलले, मग सगळ्या पालकांकडून लेखी संमती घेतली. चित्रीकरण शाळेतच बघायचं, कुठल्याही ग्रुपवर टाकायचं नाही, नाटक झालं की पुसायचं. मुलांनीच हे जास्त कडकपणे धरलं, कारण पडद्यावर चुकणारे ते आहेत आणि त्यांना निर्धास्त चुकता यायला हवं. त्यामुळे दोरवाल्याच्या आईला बघायचं होतं तेव्हा त्या शाळेत आल्या. भाजीची पाटी दाराशी ठेवून संगणककक्षात बसल्या. मी ती तीन मिनिटं लावली, आवाज बंद ठेवूनच. त्या काही बोलल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, ‘त्यो घरात बी असाच बसतो ओ. आमी भांडलो की असाच दार धरून.’ मग पदर सावरून उठल्या, आणि जाताना दारातून वळून म्हणाल्या, ‘मला वाटायचं त्येला काय कळत न्हाई.’

कालची गोष्ट सांगते आणि थांबते. काल शुक्रवार, चित्रीकरणाचा दिवस, आणि माझ्या फोनची बॅटरी संपलेली. चार्जर घरी. मी चुटपुटत सभागृहात आले तर रंगमंचावर बाकीची मुलं उभी होती आणि आजी नव्हती. नऊवारी सावरत ती मागच्या खिडकीपाशी होती, जिथे फोन असतो तिथे, खडूच्या खोक्याशेजारी हनुवटी टेकवून, एक डोळा मिटून. ‘हितनं शिडीची खालची पायरी दिसंना झालीय,’ ती ओरडली. दोरवाल्यानं आणि आजीच्या मुलानं मिळून शिडी दोन फूट पुढे ओढली. ‘आनि थोडी. आनि. बास!’ मग ती धावत रंगमंचावर गेली, आणि दोरवाला दोर ठेवून खाली उतरला आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.